दस्तयेव्हस्की कुठून वाचायला घ्यावा?

प्रश्न असा आहे: 'क्राइम अँड पनिशमेंट' दोनदा हातात घेतलं, दोन्ही वेळा शंभर-सव्वाशे पानांवर अडलं. नावं लक्षात राहत नाहीत, माणसं तापात असल्यासारखी बोलतात. दस्तयेव्हस्कीचं आयुष्य आधी माहीत असावं लागतं का? आणि हे पुस्तक सोडून थेट 'ब्रदर्स कारामाझोव्ह' घेतलं तर चालेल का?

मी बरीच वर्षं रशियन भाषा आणि रशियन कादंबरी शिकवतो आहे. हा प्रश्न थोड्याफार फरकाने दर वर्गात येतो, आणि माझं उत्तर आता पक्कं झालं आहे. दोन्ही पुस्तकं सध्या कपाटात ठेवा आणि 'हाउस ऑफ द डेड' घ्या. हे त्याचं तुरुंगावरचं पुस्तक. आपल्याकडे त्याच्या मोठ्या कादंबऱ्यांइतकं ते वाचलं जात नाही. पण सायबेरियातल्या ओम्स्कच्या तुरुंगात त्याने काढलेली चार वर्षं त्याच्या पुढच्या सगळ्या लेखनाच्या मुळाशी आहेत, आणि ती त्याने स्वतःच लिहून ठेवली आहेत. चरित्र वेगळं वाचायची गरज नाही. हे पुस्तक हेच त्याचं सगळ्यात महत्त्वाचं चरित्र आहे. नंतर 'क्राइम अँड पनिशमेंट' उघडलंत की तुम्ही अडलात ती पानं वेगळी दिसतील, असं मी खात्रीने सांगतो.

आधीचं थोडक्यात. जन्म १८२१ चा, मॉस्कोतला. वडील गरिबांसाठीच्या मारिन्स्की रुग्णालयात डॉक्टर होते आणि घर रुग्णालयाच्या आवारातच होतं. आई १८३७ मध्ये क्षयाने गेली, वडील १८३९ मध्ये. पीटर्सबर्गच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात शिक्षण झालं, पण १८४४ मध्ये नोकरी सोडून तो लेखनाकडे वळला. बाल्झाकच्या एका कादंबरीचं भाषांतर केलं, मग 'पुअर फोक' लिहिली. मित्र ग्रिगोरोविचने ते हस्तलिखित कवी-संपादक नेक्रासोव्हकडे नेलं. दोघांनी रात्रभर वाचलं आणि पहाटे चारला त्याचं दार ठोठावलं. बेलिन्स्कीसारख्या मोठ्या समीक्षकाने त्याची पाठ थोपटली. १८४६ मध्ये पुस्तक छापलं गेलं आणि चोविशीतला हा मुलगा एकदम प्रसिद्ध झाला. पाठोपाठ आलेली 'द डबल' मात्र लोकांना रुचली नाही आणि कौतुक ओसरलं. तो एवढ्यावर थांबला असता तर आज त्याचं नाव फक्त रशियन साहित्याच्या अभ्यासकांना माहीत असतं.

१८४९ च्या एप्रिलमध्ये त्याला अटक झाली. पेत्राशेव्हस्की नावाच्या माणसाच्या घरी दर शुक्रवारी तरुण मंडळी जमत, भूदासांच्या मुक्तीवर आणि फ्रेंच समाजवादावर चर्चा करत. दस्तयेव्हस्कीवरचा मुख्य आरोप असा की बेलिन्स्कीने गोगोलला लिहिलेलं, चर्चवर आणि भूदासप्रथेवर कडाडून टीका करणारं, बंदी असलेलं पत्र त्याने तिथे मोठ्याने वाचून दाखवलं. एका पत्राच्या वाचनासाठी मृत्युदंड! आठ महिने पीटर-पॉल किल्ल्यात ठेवून २२ डिसेंबरला (जुन्या रशियन कालगणनेनुसार) सगळ्यांना सेम्योनोव्हस्की चौकात आणलं. शिक्षा वाचून दाखवली, डोक्यावर तलवारी मोडल्या, अंगात पांढरे कफनीसारखे सदरे चढवले, चुंबनासाठी क्रॉस पुढे केला. पहिल्या तिघांना खांबांना बांधलं. दस्तयेव्हस्की पुढच्या तिघांमध्ये होता. बंदुका रोखल्या गेल्या, आणि तेवढ्यात ढोल वाजले. झार निकोलायने शिक्षा आधीच बदललेली होती. ही सगळी मांडणी मुद्दाम केलेली होती. खांबाला बांधलेल्यांपैकी ग्रिगोरियेव्हचं डोकं त्यातून कायमचं फिरलं.

त्याच दिवशी दस्तयेव्हस्कीने थोरला भाऊ मिखाईल याला पत्र लिहिलं. आयुष्य सगळीकडे आयुष्यच असतं, ते आपल्या आत असतं, बाहेर नाही, आणि तिथेही माझ्या आसपास माणसंच असतील, असा त्याचा सूर आहे. हा अनुभव जवळजवळ वीस वर्षांनी 'द इडियट'मध्ये उतरला. तिथे प्रिन्स मिश्किन एका ओळखीच्या माणसाची गोष्ट सांगतो. मरायला पाच मिनिटं उरलीत, ती तो वाटून घेतो: दोन मिनिटं सोबत्यांचा निरोप घ्यायला, दोन स्वतःबद्दल विचार करायला, उरलेला वेळ शेवटचं आजूबाजूला बघायला. जवळच्या चर्चच्या सोनेरी छतावर ऊन चमकत असतं. त्याला वाटतं, सुटलो तर एकेक मिनिट शतकासारखं जगेन, काहीही वाया घालवणार नाही. अनेक लेखकांनी इथेच थांबून आपल्याला भारावून टाकलं असतं. दस्तयेव्हस्की थांबत नाही. ऐकणारी मुलगी विचारते, मग सुटल्यावर त्याने खरंच तसा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवला का? मिश्किन सांगतो, मी त्याला विचारलं होतं. नाही, त्यानेही पुष्कळ मिनिटं वाया घालवली. हा लेखक स्वतःच्या सर्वांत मोठ्या अनुभवालाही प्रश्न विचारतो, आणि म्हणूनच मला तो विश्वासार्ह वाटतो.

आता ओम्स्क. चार वर्षं सक्तमजुरी, नंतर साधा शिपाई म्हणून लष्करात भरती, अशी शिक्षा होती. नाताळच्या आदल्या रात्री पायांत बेड्या ठोकून स्लेजमधून रवानगी झाली. वाटेत तोबोल्स्कला डिसेंब्रिस्ट क्रांतिकारकांच्या बायका भेटल्या. नवऱ्यांच्या मागोमाग त्या पंचवीसेक वर्षांपूर्वी सायबेरियात आलेल्या होत्या. त्यांनी प्रत्येक कैद्याला 'नवा करार' दिला. बांधणीत दहा रुबल लपवलेले. तुरुंगात ठेवायची परवानगी असलेलं पुस्तक तेवढंच. दस्तयेव्हस्कीने ते चार वर्षं उशाखाली ठेवलं आणि पुढे मरेपर्यंत जपलं. उशाखालच्या या पुस्तकाकडे लक्ष ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

'हाउस ऑफ द डेड' १८६० ते १८६२ या काळात प्रसिद्ध झालं. सेन्सॉरची नजर होती, म्हणून त्याने एक आडपडदा घेतला. निवेदक गोर्यान्चिकोव्ह हा बायकोचा खून केलेला माणूस, त्याच्या मृत्यूनंतर सापडलेली ही टिपणं. पण पाच-सहा प्रकरणांत हा पडदा गळून पडतो. बोलणारा माणूस राजकीय कैदी आहे हे लपत नाही, आणि लेखकही ते लपवायची फारशी धडपड करत नाही.

पुस्तकाला कथानक नाही, आणि वाचताना ते जाणवतही नाही, याचं कारण त्यातल्या काळाच्या मांडणीत आहे. पहिला दिवस, पहिले काही दिवस, पहिला महिना यांवर प्रकरणंच्या प्रकरणं खर्ची पडतात. मग नाताळ, इस्पितळ, उन्हाळा, आणि पुढची वर्षं भराभर निघून जातात. तुरुंगात गेलेल्या माणसाला वेळ तसाच जाणवतो. आतली चित्रं विसरता येत नाहीत. बेड्यांसकट अंघोळीला नेलेले कैदी, वाफेने भरलेली कोंदट खोली, पाय ठेवायला जागा नाही, जमिनीवर घाण पाणी आणि साखळ्यांचा खणखणाट. हे प्रकरण वाचून तुर्गेन्येव्हला दान्ते आठवला. नाताळात कैदी नाटक बसवतात आणि त्या एका संध्याकाळी भांडणं, चोऱ्या सगळं थांबतं. दागेस्तानचा कोवळा अली निवेदकाकडून 'नव्या करारा'वरून रशियन वाचायला शिकतो. पेत्रोव्ह नावाचा कैदी निवेदकावर मनापासून माया करतो, आणि त्याचंच बायबल चोरून विकतो, त्याची दारू पितो, आणि संध्याकाळी स्वतःच येऊन ते सांगतो, अगदी सहज, जरासुद्धा ओशाळं न होता. माया आणि चोरी एकाच माणसात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांना अडवत नाहीत, हे दस्तयेव्हस्कीला कोणत्याही तत्त्वज्ञाने शिकवलं नाही. ते त्याला पेत्रोव्हने शिकवलं.

एक विचार पहिल्या भागातच येतो आणि तो सावकाश वाचण्यासारखा आहे. माणसाला पुरतं चिरडायचं असेल तर त्याला निव्वळ निरर्थक काम द्या, असं तो म्हणतो. एका पिंपातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं आणि दुसऱ्यातलं परत पहिल्यात. मातीचा ढीग इथून तिथे आणि तिथून इथे. कैदी चार दिवसांत गळफास लावून घेईल. तसाच पैशाचा विचार. महिनोन्महिने कष्टाने, चोरून जमवलेले पैसे कैदी एका दिवसात दारूवर उधळतो. तो मूर्ख आहे म्हणून नाही. त्या एका दिवशी तो स्वतःच्या मर्जीने काही करतो, एवढ्यासाठी. १८६४ मधल्या 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड'मधला माणूस हेच सूत्र घेऊन उभा आहे: माणसाला फायद्यापेक्षा स्वतःची मर्जी प्यारी असते, आणि तुम्ही सगळं सुख गणिताने मांडून दिलंत तर तो निव्वळ मर्जी सिद्ध करण्यासाठी ते लाथाडेल. चेर्निशेव्हस्कीच्या १८६३ च्या कादंबरीतल्या स्फटिकमहालाला, म्हणजे शहाणपणाने आखलेल्या सुखी भविष्याला, दिलेलं ते उत्तर आहे. पुस्तकात ते वादविवादासारखं वाटतं. त्यामागे ओम्स्कचे दारुडे कैदी उभे आहेत हे कळलं की ते हाडामांसाचं होतं.

आणि सर्वांत मोठा धक्का. जनतेच्या भल्याची स्वप्नं पाहिली म्हणून तो तुरुंगात आला, आणि तिथली जनता त्याचा द्वेष करत होती. तो सरदार घराण्यातला, ते शेतकरी. सुटल्यावर भावाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की दीडशे शत्रू आम्हाला छळून थकत नव्हते. त्याच पत्रात पुढे असंही आहे की याच दरोडेखोरांमध्ये मला खोल, ताकदीची, सुंदर माणसं सापडली. दोन्ही वाक्यं खरी आहेत. कैद्यांच्या तोंडचे वाक्प्रचार, शिव्या, म्हणी त्याने तिथेच गुपचूप एका वहीत टिपून ठेवल्या होत्या आणि त्यांतल्या कितीतरी थेट पुस्तकात आल्या.

टॉलस्टॉयला दस्तयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांबद्दल शंका होत्या. पण १८८० मध्ये त्याने हे पुस्तक पुन्हा वाचलं आणि समीक्षक स्त्राखोव्हला लिहिलं की आधुनिक साहित्यात, पुश्किन धरूनही, याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

तुरुंगानंतर तो सेमिपालातिन्स्कला शिपाई होता. तिथेच मारिया इसायेवाशी भेट झाली, १८५७ मध्ये लग्न झालं, आणि १८५९ च्या शेवटी, दहा वर्षांनी, तो पीटर्सबर्गला परतला. भावाबरोबर 'व्रेम्या' मासिक काढलं, ते सरकारने १८६३ मध्ये बंद पाडलं. १८६४ मध्ये एप्रिलात बायको गेली, जुलैत भाऊ. भावाचं कर्ज आणि कुटुंब त्याने अंगावर घेतलं. युरोपात जाऊन जुगार खेळला, हरला. इथे आपण 'क्राइम अँड पनिशमेंट'पाशी पोहोचतो.

१८६५ मध्ये वीसबाडेनच्या हॉटेलात पैसे संपून अडकलेला असताना त्याने 'रुस्की वेस्तनिक' मासिकाचा संपादक कात्कोव्ह याला या कथेचा आराखडा पाठवला. आधी ती खुन्याच्या तोंडून, प्रथमपुरुषात लिहीत होता. नोव्हेंबरच्या अखेरीस बरंच लिहून झालं असताना सगळं जाळलं आणि नव्याने सुरू केलं. दुसरीकडे मार्मेलादोव्ह नावाच्या दारुड्याच्या कुटुंबाची, दारूवरची एक वेगळी कादंबरी त्याच्या मनात होती, तीही यात मिसळली. १८६६ भर ती मासिकातून हप्त्याहप्त्याने येत होती.

तुम्ही जिथे अडलात तिथे बहुतेक वाचक अडतात, आणि त्याचं कारण सरळ आहे. सहा भागांच्या कादंबरीत खून पहिल्याच भागात उरकतो. तो भाग श्वास रोखून वाचला जातो: जुलैचा उकाडा, सेन्नाया चौकाजवळची गल्ली, घरापासून सावकार म्हातारीच्या दारापर्यंत मोजलेली सातशे तीस पावलं, खुनानंतर आतून आकडा लावलेलं दार आणि बाहेरून ते हलवणारे दोघे. मग दुसरा भाग सुरू होतो आणि खून करणारा तरुण रास्कोल्निकोव्ह तापाने फणफणून पडतो. आपण वाट पाहत राहतो की हा पकडला जाणार कधी. लेखकाला मात्र त्यात फारसा रस नाही. त्याचा प्रश्न आहे, याने हे केलं कशासाठी? आणि गंमत अशी की रास्कोल्निकोव्हलाही ते ठाऊक नाही. आईचे आणि बहिणीचे हाल थांबावेत म्हणून केलं. एक निरुपयोगी म्हातारी मेली तर शंभर जणांचं भलं होईल म्हणून केलं. नेपोलियनसारखी माणसं नियमांच्या पलीकडे असतात, मी त्यांतला आहे का हे पाहायला केलं. पाचव्या भागात मार्मेलादोव्हची मुलगी सोन्या हिच्यासमोर तो ही कारणं एकेक करून टाकून देतो. म्हणून माझी सूचना अशी: दुसऱ्या भागापासून त्याने दिलेलं प्रत्येक कारण समासात नोंदवा. कोणासमोर कोणतं कारण देतो ते पाहा. तपास अधिकारी पोर्फिरीबरोबरच्या तिन्ही भेटी मग कोड्यासारख्या राहत नाहीत. पोर्फिरीही तेच शोधत असतो, फक्त तुमच्यापेक्षा धीराने.

उपसंहारावर जुना वाद आहे. अनेक चांगल्या वाचकांना तो मागाहून चिकटवलेला वाटतो. मला तसं वाटत नाही, आणि 'हाउस ऑफ द डेड' आधी वाचलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनाही सहसा वाटत नाही. तिथे काय आहे पाहा. सायबेरिया, रुंद ओसाड नदीच्या काठचा तुरुंग, आठ वर्षांची शिक्षा. कैदी रास्कोल्निकोव्हचा द्वेष करतात. तू साहेब, कुऱ्हाड घेऊन फिरणं हे तुझं काम आहे का, असं सुनावतात. एकदा देव न मानणारा म्हणून अंगावर धावून जातात. मोठमोठ्या गुन्ह्यांचे कैदी सोन्यावर मात्र जीव टाकतात, आणि याला ते कोडं सुटत नाही. हे शब्द, हा द्वेष लेखकाने स्वतः सोसलेला आहे. आणि रास्कोल्निकोव्हच्या उशाखाली 'नवा करार' आहे, न उघडलेला. अख्खी कादंबरी ज्या माणसाने सिद्धान्तावर काढली त्याला लोकांनी आपल्यात घ्यायला नकार दिला, हा खरा शेवट आहे. प्रेमाचा प्रसंग त्यानंतर येतो.

याच वर्षी ती प्रसिद्ध सव्वीस दिवसांची गोष्ट घडली. स्तेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी त्याने १८६५ मध्ये करार केला होता: तीन हजार रुबल आगाऊ, आणि १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी न दिल्यास नऊ वर्षं त्याचं सगळं लेखन प्रकाशकाला फुकट छापता येणार. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ लिहिलेली नव्हती. मित्रांच्या सांगण्यावरून त्याने लघुलेखक बोलावली. अन्ना स्नित्किना, वय वीस. रात्री तो टिपणं काढायचा, दुपारी सांगायचा, ती घरी जाऊन स्वच्छ लिहून आणायची. 'द गॅम्बलर' सव्वीस दिवसांत पूर्ण झाली. स्तेलोव्हस्की मुद्दाम गायब झाला, तेव्हा हस्तलिखित पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली. १८६७ च्या फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं. प्रेमकथा म्हणून हे सगळीकडे सांगितलं जातं, पण मला त्यातला कामाचा भाग अधिक मोलाचा वाटतो. इथून पुढच्या मोठ्या कादंबऱ्या त्याने बहुतांशी अन्नाला तोंडी सांगितल्या. त्यांतली माणसं लिहिल्यासारखी न बोलता बोलल्यासारखी बोलतात, वाक्य अर्ध्यावर वळवतात, स्वतःलाच खोडतात, हे उगीच नाही. आणि पुढे अन्नानेच हिशेब हातात घेतले, १८७३ मध्ये त्याची पुस्तकं घरून प्रकाशित करायला सुरुवात केली, सावकारांशी स्वतः बोलली, कर्जं फेडली. ती नसती तर 'कारामाझोव्ह' लिहिण्याइतकी स्वस्थता त्याला मिळाली नसती.

'द इडियट' त्याने परदेशात लिहिली, धनकोंपासून लांब, फिरत फिरत. १८६७ मध्ये बाझेलच्या संग्रहालयात होल्बाइनचं मृत ख्रिस्ताचं चित्र पाहून तो असा खिळून राहिला की त्याला अपस्माराचा झटका येईल अशी भीती अन्नाला वाटली. ते चित्र कादंबरीत मिश्किनचा प्रतिस्पर्धी रोगोझिन याच्या घरी टांगलेलं आहे. जिनिव्हात पहिली मुलगी सोन्या तीन महिन्यांची होऊन गेली. पुस्तक ओबडधोबड आहे, मधला भाग सैल आहे. पण पहिला भाग, आणि शेवटची ती दोन माणसांची रात्र, याच्या तोडीचं त्याने फार थोडं लिहिलं.

आता तुमचा 'ब्रदर्स कारामाझोव्ह'चा प्रश्न, आणि इथे ओम्स्कचा धागा सर्वांत स्पष्ट दिसतो. 'हाउस ऑफ द डेड'च्या पहिल्याच प्रकरणात एक कैदी येतो: सरदार घराण्यातला, लष्करात होता, उधळ्या, कर्जबाजारी, वारशाच्या पैशासाठी बापाचा खून केला म्हणून शिक्षा झालेला. निवेदक म्हणतो, हा सदा हसतमुख माणूस असं करेल यावर माझा विश्वास बसत नव्हता. पुढे दुसऱ्या भागात, पुस्तक छापलं जात असतानाच, संपादकाची म्हणून एक टीप येते. सायबेरियातून कळलं आहे की तो माणूस निर्दोष होता, खरे गुन्हेगार सापडले, आणि दहा वर्षं त्याने उगाच सोसली. हा माणूस खराच ओम्स्कला होता. त्याचं नाव इल्यिन्स्की. १८७४ मध्ये दस्तयेव्हस्कीच्या वहीत त्याच्यावरून एका नाटकाचा आराखडा येतो: तोबोल्स्क, म्हातारा बाप, दोन भाऊ. त्यातून पाच वर्षांनी दिमित्री कारामाझोव्ह उभा राहतो, आरडाओरडा करणारा, पैसे उधळणारा, बापाला मारीन म्हणून गावभर सांगत सुटणारा आणि तरीही न मारणारा. म्हणून 'हाउस ऑफ द डेड' आधी वाचा म्हणतो. न्यायालयात पुरावे एकेक करून दिमित्रीविरुद्ध उभे राहतात तेव्हा लेखक केवळ रहस्य रंगवत नाही. चुकीच्या शिक्षेत सडणाऱ्या माणसाशेजारी तो स्वतः राहिलेला आहे.

या कादंबरीत त्याचं दुसरं दुःखही आहे. मे १८७८ मध्ये त्याचा धाकटा मुलगा अल्योशा अपस्माराच्या झटक्याने गेला, तीन वर्षं पुरी व्हायला तीन महिने कमी असताना. तो रोग बापाकडून आलेला होता, आणि ही बोच त्याला होती. अन्नाच्या आग्रहावरून जूनमध्ये तो तरुण तत्त्वज्ञ सोलोव्योव्हबरोबर ओप्तिना मठात गेला आणि तिथल्या अम्व्रोसी या साधूला भेटला. दुसऱ्या खंडात साधू झोसिमाकडे एक शेतकरीण येते, मुलगा गेला म्हणून रडते. मुलाचं वय तीन वर्षांना तीन महिने कमी, नाव अलेक्सेई. झोसिमा तिला रडू नको म्हणत नाही. रड, म्हणतो, आणि आठवण काढ. अन्नाने लिहिलं आहे की अम्व्रोसीचे शब्द तिथे उतरले आहेत.

एक विनंती. 'ग्रँड इन्क्विझिटर' हे प्रकरण वेगळं काढून वाचू नका. ते सुटं छापलेलं मिळतं आणि लोक तेवढंच वाचून कादंबरी वाचल्याचं समाधान मानतात. त्याच्या लगेच आधी दिमित्रीचा भाऊ इव्हान लहान मुलांच्या छळाच्या हकिकती सांगतो. त्या एकूण एक खऱ्या, छापील मजकुरातून घेतलेल्या आहेत असं दस्तयेव्हस्कीने संपादकांना कळवलं होतं. आणि त्यानंतरचा सहावा खंड, झोसिमाचं आयुष्य, हे इव्हानला त्याचं उत्तर. हे उत्तर पुरेसं ठरेल का याची त्याला स्वतःला धास्ती होती, आणि १८७९ मध्ये त्याने तसं पत्रात लिहिलंही. माझ्या मते युक्तिवाद म्हणून ते पुरेसं नाही. पण झोसिमाने मांडलेल्या गोष्टी पुढे दिमित्रीच्या स्वप्नातल्या रडणाऱ्या बाळात आणि इल्यूशा या शाळकरी मुलाच्या मित्रांच्या प्रसंगांत घडताना दिसतात, आणि तिथे उत्तराला वजन येतं. जानेवारी १८८१ मध्ये दस्तयेव्हस्की गेला. धाकटा कारामाझोव्ह भाऊ अल्योशा याच्या पुढच्या आयुष्यावरचा दुसरा भाग मनातच राहिला.

एक गोष्ट लपवणं बरोबर होणार नाही. 'डायरी ऑफ अ रायटर'मध्ये, विशेषतः १८७७ च्या अंकांत, त्याने ज्यूंबद्दल जे लिहिलं ते वाईट आहे. पोलिश माणसांचं त्याच्या कादंबऱ्यांतलं चित्रणही अन्यायाचं आहे. ज्याने तुरुंगात प्रत्येक माणसाचा चेहरा वेगळा पाहिला त्याने पत्रकार म्हणून अख्ख्या समाजांना एका रंगात रंगवलं. हे माहीत असू द्या आणि वाचताना सूट देऊ नका.

नावांचा त्रास खरा आहे, पण उपाय सोपा. प्रत्येक माणसाला स्वतःचं नाव, वडिलांवरून आलेलं नाव आणि आडनाव. शिवाय घरगुती रूपं: रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव्ह म्हणजेच रोद्या, दिमित्री म्हणजेच मित्या. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर स्वतःच्या हाताने यादी लिहा. छापील यादीपेक्षा ती जास्त लक्षात राहते. इंग्रजीतून वाचत असाल तर कॉन्स्टन्स गार्नेटचं जुनं भाषांतर वाचायला सोपं आहे. पेव्हिअर आणि वोलोखोन्स्की यांनी मूळचा खडबडीतपणा अधिक राखला आहे. कोणतंही चालेल, अर्धवट सोडून भाषांतर बदलत बसू नका.

तर क्रम असा: 'हाउस ऑफ द डेड', मग 'द गॅम्बलर' (लहान आहे, दोन-तीन दिवसांत होते), मग 'क्राइम अँड पनिशमेंट', 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड', आणि मग निःशंक मनाने 'कारामाझोव्ह'. 'द इडियट' त्यानंतर कधीही. 'डेमन्स' सर्वांत शेवटी ठेवा. ती १८६९ मध्ये नेचायेव्हच्या गुप्त गटाने आपल्याच एका साथीदाराच्या केलेल्या खुनावरून सुचलेली आहे, आणि तेव्हाच्या रशियन राजकारणाची थोडी ओळख असल्याशिवाय तिचा पहिला भाग कंटाळवाणा वाटतो. ती घ्याल तेव्हा नायक स्ताव्रोगिनच्या कबुलीचं 'तिखोनकडे' हे प्रकरण शोधा. कात्कोव्हने ते छापायला नकार दिला होता, ते १९२२ मध्ये बाहेर आलं आणि बऱ्याच आवृत्त्यांत परिशिष्ट म्हणून शेवटी असतं. शेवटी वाचू नका. लेखकाने ते दुसऱ्या भागाचं नववं प्रकरण म्हणून लिहिलं होतं, तेव्हा आठवं संपलं की पानं उलटून तिकडे जा आणि मग परत या.